उपटलेली झाडं मोजत नाहीत

तारीख ११ ऑगस्ट, सकाळी नऊचा सुमार. रक्कम सोळा हजार दोनशे चाळीस रुपये. हातात नव्हती, फक्त तोंडात होती. हजर माणसं चार: मी, माझी बायको, बांधापलीकडचा माझा भाऊबंद आणि त्याची आई, जिला अख्खं गाव अक्का म्हणतं. जागा आमच्या दोघांच्या शेतांमधला बांध, पहूरपासून मोटरसायकलवर पंधरा मिनिटांवर.

हे पैसे भाऊबंदाने माझ्याकडे मागितले होते. कशाचे, तर त्याच्या बागेतली केळीची दोनशे तीन रोगट झाडं त्याने उपटून टाकावीत म्हणून. झाडामागे ऐंशी रुपये. शेत त्याचं, झाडं त्याची, रोग त्याच्या बागेत, आणि उपटायचे पैसे मी द्यायचे. त्या सकाळी माझा पारा चढला तो अजून पुरता उतरलेला नाही. पण मी उगाच आवाज चढवणाऱ्यांतला नाही, म्हणून घडलं ते क्रमाने लिहितो.

माझी केळी दोन एकर, रोपं तीन हजार, लागवड जूनअखेरची. भाऊबंदाची दीड एकर, तीही त्याच आठवड्यातली. मधे एक बांध आणि बांधावर तारेचं कुंपण. जुलैच्या मध्याला सलग ढगाळ हवा पडली, ऊन नाही आणि धड पाऊसही नाही, अशी हवा मावा या किडीला फार मानवते. आणि मावा आला की त्याच्या सोंडेतून हरण्या रोग येतो. पानावर शिरांना धरून पिवळट पट्टे उठतात, पान अरुंद होतं, कडा वर वळतात, शेवटी मधला पोंगा सडतो. एकदा झाडाला हा रोग लागला की त्याला औषध नाही. हे वाक्य मी मुद्दाम ठळक अक्षरात लिहितो, कारण आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांत याच रोगावरची बाटली मिळते. भाऊबंदाने दोन प्रकारच्या आणल्या होत्या. एकीवर हिरव्यागार पानाचं चित्र होतं, दुसरीवर वाघाचं. वाघ कशासाठी होता ते दुकानदारालाच ठाऊक.

उपाय एकच आणि तो कुणालाही न आवडणारा: रोगट झाड दिसलं की कंदासकट काढायचं, आणि आजूबाजूला माव्याला आसरा देणारं काही ठेवायचं नाही. म्हणजे शेतात तण नको, बांधावर केना नको, जवळपास काकडी, भोपळा, गिलकं म्हणजे घोसाळं, मिरची, वांगं नको. कृषी खात्याचे सल्ल्याचे कागद दरवर्षी मोबाइलवर येतात, त्यात हे सगळं असतं. त्यात पुढे लिहिलेलं असतं, ‘झाडे जाळून नष्ट करावीत.’ ऑगस्टात केळीचं झाड जाळून दाखवावं कुणीतरी. नव्वद टक्के पाणी असतं त्यात. मी त्या कागद लिहिणाऱ्याला रॉकेलचा डबा माझ्या खर्चाने द्यायला तयार आहे. ते गाडावंच लागतं, आणि गाडण्याआधी माव्याचं औषध फवारावं लागतं, नाहीतर झाड हलवताच मावा उडून शेजारच्या चांगल्या झाडावर बसतो. हे मात्र कागदात नसतं.

मी माझ्या बाजूचं केलं होतं. जुलैतच निंदणी लावली. आमच्याकडे निंदणाऱ्या बाया काढलेलं तण बांधावर टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं आहे आणि गाजरगवताच्या बाबतीत ते चालूनही जातं. केन्याच्या बाबतीत नाही. केन्याच्या दांडीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. बांधावर टाकला की दोन पावसांत तो बांधाचा मालक होतो आणि त्याच्यावर मावा सुखाने राहतो. मी बायांना रिकाम्या खताच्या गोण्या दिल्या आणि म्हटलं, एक काडी बांधावर टाकायची नाही, सगळं गोणीत, गोण्या रस्त्यावरच्या खड्ड्यात. त्या हसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “नाना आता तणाचीबी पावती मांगतीन.” मागितली नाही, पण गोण्या मोजल्या. सदतीस भरल्या.

आणि एवढं करून बांधापलीकडे पाहावं तर पिवळे पट्टे. आधी कोपऱ्यात चार-पाच झाडं, मग ओळच्या ओळ. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेलो. चहा झाला. मी म्हटलं, आजच काढून टाक, अजून थोडी आहेत. तो म्हणाला की काढणारच होतो, पण गावात कळलं की पंचनामा होणार आहे. नुकसानभरपाई मिळणार आहे. आणि पंचनाम्याला उभी झाडंच मोजतात.

“नाना, उपटून टाकली तं ते काय मोजतीन? खड्डा मोजतीन?”

खरा राग मला त्याच्या या प्रश्नातून आला. त्याच्यावर नव्हे, निदान तेव्हा तरी नव्हे. तो अडाणी नाही. दहा वर्षं केळी करतो, रोग ओळखतो, झाड काढायचं हे त्यालाही कळतं. पण ज्या झाडाने शेजाऱ्याची बाग जाणार, तेच झाड त्याच्यापुरता एकमेव पुरावा होतं. पारावर, चहाच्या टपरीवर, मोबाइलवर सगळीकडे एकच बोलणं: पाहणी होईस्तोवर हात लावू नका. जो झाडं काढेल तो मूर्ख. म्हणजे गावभर रोग राखून ठेवला जात होता, धान्य राखून ठेवतात तसा.

मी कृषी कार्यालयात फोन केला. नाव-गाव सांगितलं, प्रश्न सरळ विचारला. पलीकडचा माणूस अगदी सौजन्याने बोलला.

“उपटू नका असं आम्ही कुणालाही सांगितलेलं नाही.”

“मग उपटून टाकलेली झाडं मोजाल का?”

“प्रत्यक्ष पाहणीत जे दिसेल तेच लिहिणार ना, साहेब.”

“मग पाहणी कधी?”

“आदेश आले की.”

मी म्हटलं, मावा आदेशाची वाट पाहत नाही. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं. हे ‘बरोबर आहे तुमचं’ मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा माझं काम झालेलं नाही.

आठ दिवसांत माझ्या बाजूच्या पहिल्या ओळीत दोन झाडांना पट्टे दिसले. मी फवारून ती काढली, चुना टाकून गाडली. आणखी तीन दिवसांनी चार. तीही काढली. आता माझ्या तीन हजार झाडांचा प्रश्न होता आणि त्यांच्यात आणि रोगात फक्त एक तारेचं कुंपण होतं, ज्यातून मांजर आरामात जातं. कुंपणाची ही दोनशे फूट तार हिरवीगार झाकलेली होती. गिलक्याच्या वेलांनी.

ते वेल अक्काचे. तिचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून बांधावर दर पावसाळ्यात तिचे वेल असतात. बांधाचं उत्पन्न बाईचं, अशी आमच्याकडे न लिहिलेली वाटणी आहे. शेतातल्या कापसात किंवा केळीत तिला कुणी विचारत नाही आणि बांधावरच्या भाजीत ती कुणाला विचारत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी अक्का डोक्यावर टोपलं घेऊन पहूरला जाते, येताना टोपलं रिकामं आणि कनवटीला नोटा. जाण्याआधी मात्र आठ-दहा गिलकी आमच्या ओट्यावर ठेवलेली असतात. माझ्या मुलांनी गिलक्याची भाजी विकत आणलेली कधी पाहिली नाही.

तर ११ तारखेला सकाळी मी बांधावर उभा राहून भाऊबंदाला बोलावलं आणि जरा चढ्या आवाजातच म्हटलं की तुझ्या भरपाईपायी माझी बाग बुडवू नकोस. अक्का तिथंच गिलकी तोडत होती. माझी बायको मला डबा द्यायला आली होती, ती थांबली. त्याने आधी ऐकून घेतलं आणि मग ठरवून आल्यासारखा बोलला. रोपाचे, खताचे, ठिबकचे, मजुरीचे मिळून झाडाला ऐंशी रुपये पडले आहेत. दोनशे तीन झाडं. तेवढे तुम्ही द्या, आज संध्याकाळी उपटतो.

“सरकारनं द्याचे ते तुमी द्या. मग मले कोनाची वाट पाहाची गरज नाही.”

मी म्हणालो की तुझा रोग माझ्या शेतात येतो त्याचे पैसे तू मला देण्याऐवजी मी तुला द्यायचे, हा कुठला हिशेब. तो म्हणाला की मी काय तो तुमच्या शेतात पेरायला आलो होतो? बोलाचाली वाढली. मी त्याला सल्ल्याचा कागद मोबाइलवर दाखवला. वाचून दाखवला, मोठ्याने. झाडं त्वरित काढावीत. तण ठेवू नये. परिसरात काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत.

तो थांबला. माझ्या हातातला फोन त्याने घेतला, ती ओळ पुन्हा वाचली आणि आईकडे पाहिलं.

“अक्का, हे तं तुह्या गिलक्याबद्दल हाये.”

कागद वाचला तेव्हा हे माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. मी ते वेलांचं बोलणं पुढच्यासाठी ठेवलं होतं. झाडं आधी, वेल नंतर. पण आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मी एक पान उलटं करून दाखवलं. खालच्या बाजूने मावा दाटला होता, राखाडी, चिकट, मुंग्या फिरत होत्या. पानावर फिकट डागही होते.

अक्काने पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “चाळीस वर्सं हाये वेल इथं. तवा कुठं गेल्ता तुहा मावा?”

मी म्हटलं, अक्का, चाळीस वर्षांपूर्वी इथं केळी नव्हती, ज्वारी होती. ज्वारीला हा रोग नाही.

तिने पान पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. माझी बायको माझ्याकडे रोखून पाहत होती, आणि ती तशी पाहू लागली की मला पुढचं वाक्य सावधपणे बोलावं लागतं. पण भाऊबंदाला आता बळ आलं होतं. त्याने सरळ सांगितलं, आधी आमचे वेल तोडा, मग झाडांचं पाहू, आणि वेलाचेही पैसे लागतील. मी म्हटलं, एक रुपया मिळणार नाही, ना झाडाचा, ना वेलाचा. कागद घेऊन तुझ्याविरुद्ध तक्रार करतो. कुणाकडे करणार होतो, ते मलाही माहीत नव्हतं.

तेव्हा अक्का मुलाला म्हणाली, “रोगाचे पैसे मांगते कारे कोनी? घरात कोनी बिमार पडलं तं शेजाऱ्याले बिल देतो काय?”

तो म्हणाला की वेलाचे तरी घेऊ.

“वेलाचे तू नको घेऊ. वेल माहे हायेत. त्याचे मी घेईन.” आणि मग माझ्याकडे वळून, जसं बाजारात गिऱ्हाइकाला सांगते तसं, “बाजाराला अडीचशे. दसऱ्यापर्यंत. कमी करू नको, मी कमी नाही करत.”

मी मनात गुणाकार करायला लागलो होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, “हो म्हणा.” मी हो म्हटलं.

अक्काने विळा मागितला. वेल तिने स्वतः बुंध्याशी कापले, मला हात लावू दिला नाही. मुलगा झाडांबद्दल अजून कुरकुरत होता. अखेर तो एका अटीवर तयार झाला: काढण्याआधी प्रत्येक झाडाचा फोटो, म्हणजे पाहणीला पुरावा राहील. मला ते पटलं. पुरावा हवा तर फोटो हा पुरावा नाही का? मी पुठ्ठ्याचे आकडे केले, १ ते २०३, प्रत्येक झाडापुढे धरून फोटो काढला, तारखेसकट. आधी संध्याकाळी फवारणी केली, दुसऱ्या सकाळी झाडं काढली. त्याचे दोन मजूर, माझे दोन. जेसीबीवाल्याने एक खड्डा काढून दिला. चुना, माती, पुन्हा चुना. उघड्या पडलेल्या तारेतून मला पहिल्यांदाच त्याची सगळी बाग दिसली. मधे मोठं भगदाड, पण बाकीची झाडं हिरवी होती.

पाहणी झाली ती पोळा होऊन गेल्यावर. आलेला माणूस बिचारा धावपळीत होता, त्याच्याकडे पाच गावं होती. त्याने उभ्या झाडांवर नजर टाकली आणि रोग नाही असं लिहायला घेतलं. भाऊबंदाने भगदाड दाखवलं. त्याने विचारलं, इथली झाडं कुठं आहेत? खड्ड्यात. मी मोबाइल पुढे केला, एकेक फोटो दाखवू लागलो. अकराव्या फोटोला त्याने हात जोडले.

“हे झाड याच शेतातलं, असं मी कशावरून लिहू, काका?”

मी म्हटलं, खड्डा उकरू का? तो म्हणाला, उकरलं तरी मी उभं झाड लिहू शकत नाही. आणि मग तो चार शेतं सोडून पलीकडच्या शेतात गेला, रस्त्याला लागून असलेल्या, आम्ही त्याच्या मागोमाग, जिथं महिनाभर कुणी एका झाडाला हात लावला नव्हता. तिथं सगळी बाग पिवळी झाली होती. आमच्या देखत ती पूर्ण लिहून घेतली गेली. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या बागा तोवर गेल्या होत्या, त्याही लिहिल्या. ज्यांनी सल्ल्याच्या कागदाप्रमाणे केलं त्यांच्या रकान्यात शून्य, आणि ज्यांनी रोग सांभाळला त्यांचा रकाना भरला. मी त्या माणसाला विचारलं, हा सल्ला आणि हा पंचनामा एकच खातं करतं ना? तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं.

भाऊबंद बांधावर बसला. शिवी दिली नाही, मला दोषही दिला नाही. फक्त म्हणाला, “नाना, मी म्हनलो होतो.” हे ऐकणं सोळा हजारांपेक्षा महाग होतं.

माझं एकंदर नुकसान एकोणीस झाडं. तीन हजारांतली एकोणीस. बाकीची आज डोक्याएवढी झाली आहेत. ती उभी आहेत याचं कारण बांधापलीकडचं भगदाड आहे, हे समजायला मला कागद लागत नाही. तरीही मी दोन दिवस घरात तेच सांगत होतो की भाऊबंदाच्या झाडांचे पैसे मी द्यायचे नाहीत. ज्यांनी नियम केला त्यांनी द्यावेत. तत्त्व म्हणून काही असतं की नाही. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. मग म्हणाली, “तत्त्व ठेवा तुमच्याजवळ. त्याच्याकडे खड्डा आहे, तो भरा.”

मी गेलो. ऐंशीच्या दराने म्हटलं तरी देईन असं ठरवून गेलो होतो, हे खरं. पण तो नको म्हणाला. ऐंशी तो रागाने बोलला होता, आणि आईने सुनावल्यावर तो रोगाचे पैसे घेणार नव्हता. त्याला फक्त तेवढी रोपं हवी होती, सप्टेंबरच्या लागणीला, त्या भगदाडात नव्हे तर पलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात लावायला. मी म्हटलं, रोपं माझ्याकडून. त्याने मान हलवली आणि चहा ठेवायला सांगितलं.

मी हे लिहितो आहे तोवर कार्यालयाला तीन अर्ज दिले आहेत. मागणी एकच: पुढच्या वर्षी, पावसाळ्याआधी, एवढं लेखी द्या की फोटो काढून उपटलेलं झाड मोजलं जाईल. पैसे नकोत, हे एक वाक्य हवं. तीन अर्जांच्या तीन पोच माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचंही नाही. चौथा अर्ज मी देणार आहे.

अक्का दर आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी, टोपलं न घेता, आमच्या ओट्यावर येत असे. मी अडीचशे देत असे, ती मोजून कनवटीला लावत असे. ओट्यावर गिलकी नसत. त्या दोन महिन्यांत आम्ही गिलकी बाजारातून आणली. दसऱ्यापर्यंत आठ बाजार झाले. त्यातल्या एकाला सकाळपासून धो धो पाऊस होता. मी पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. “आज बाजार भरला नाही. भरला असता तं घेतले असते.”

शेवटी दिले ते असे. रोपवाटिकेला, भाऊबंदाच्या नावाने, दोनशे तीन रोपांचे सतरा रुपये दराने तीन हजार चारशे एक्कावन्न. अक्काला सात बाजारांचे सतराशे पन्नास.